पिकअपचा टायर घेताना: आधी वजन, मग रस्ता, मग किंमत

निफाडहून द्राक्षांच्या पेट्या भरून निघालेली पिकअप रात्री कसारा घाट उतरते आणि पहाटे वाशीच्या बाजारात उभी राहते. नारायणगावचा टोमॅटो, देवगडचा आंबा, मालवणची मासळी, लासलगावचा कांदा असा कितीतरी माल रोज अशाच छोट्या मालवाहू गाड्यांतून फिरतो. भरलेल्या पिकअपच्या मागच्या एकेका टायरवर हजार किलोच्या आसपास भार येतो. टायरमध्ये ६० पीएसआय हवा असेल, तर हा सगळा भार रस्त्यावर ज्या ठशातून उतरतो, तो जेमतेम १५-१६ सेंटिमीटर लांब आणि तेवढाच रुंद असतो. ब्रेक लागतो तो या ठशावर आणि गाडी वळते तीही याच ठशावर.

एवढे असूनही टायरच्या दुकानात पहिला प्रश्न असतो, 'कितीला?' दुसरा असतो, 'किती किलोमीटर चालेल?' 'किती वजन पेलेल?' हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पिकअपच्या बाबतीत तो पहिला असायला हवा. टायर वजनाला पुरा पडत नसेल, तर त्याची नक्षी, कंपनी आणि सवलत यांचा काहीच उपयोग नाही.

जुना टायर काय सांगतो?

नवा टायर घेण्याआधी जुना नीट पाहावा. तो कसा झिजला आहे यावरून गाडीत काय बिघडले आहे ते कळते. मधला पट्टा जास्त झिजला असेल, तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत राहिला, तर हवा कमी होती किंवा वजन जास्त होते, बहुधा दोन्ही. एकच कड खाल्ली गेली असेल, तर अलाइनमेंट बिघडले आहे. कडेवरून हात फिरवल्यावर करवतीच्या दात्यांसारखे लागत असेल, तर पुढच्या चाकांचा कोन चुकला आहे. जागोजागी खड्डे पडल्यासारखी झीज दिसली, तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग तपासून घ्यावे. हे दोष तसेच ठेवून नवे टायर चढवले, तर तेही तसेच झिजतात आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो.

बदलण्याची वेळ केव्हा येते, याबाबत कायदा स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार चारचाकी आणि त्याहून मोठ्या गाड्यांच्या टायरवर नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर हवी. नक्षीच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात. टायरच्या बाजूला 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरे किंवा एक त्रिकोण दिसतो, त्याच्या रेषेत वर हे उंचवटे सापडतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आले की टायर संपला. ही झाली कायद्याची शेवटची मर्यादा. पावसाळ्यात घाटरस्त्याने माल वाहणाऱ्याने खोली ३ मिलिमीटरच्या आसपास आली की बदलायची तयारी करावी, कारण खाचा उथळ झाल्या की ठशाखालचे पाणी बाहेर पडत नाही आणि गाडी पाण्यावर तरंगते. खोली मोजायचे साधे गेज ऑटोच्या कोणत्याही मोठ्या दुकानात स्वस्तात मिळते.

नक्षी शिल्लक असली तरी काही टायर ताबडतोब काढावे लागतात. बाजूला फुगा आला असेल, म्हणजे आतले दोरे तुटले असतील. बाजूवर खोल चीर असेल. तारा दिसू लागल्या असतील. किंवा उन्हाने रबराला भेगा पडल्या असतील. बाजूच्या भिंतीला पंक्चर काढून गाडी चालवणे धोक्याचे आहे. तिथली दुरुस्ती टिकत नाही.

बाजूवरची अक्षरे आणि आकडे

प्रत्येक टायरच्या बाजूवर त्याची जन्मपत्रिका कोरलेली असते. टाटा एससारख्या छोट्या गाडीच्या टायरवर '१४५ आर १२ एलटी ८ पीआर' असे लिहिलेले आढळते. यातले १४५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, 'आर' म्हणजे रेडियल, १२ म्हणजे रिमचा व्यास इंचांत आणि 'एलटी' म्हणजे हलक्या मालवाहू गाडीसाठी बनवलेला टायर. मोठ्या पिकअपवर '२१५/७५ आर १५' असा आकार दिसतो. त्यातला ७५ सांगतो की टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के आहे. काही पिकअपना '७.०० आर १५ एलटी' अशा जुन्या पद्धतीने लिहिलेला टायर येतो, तिथे रुंदी इंचांत असते. एकाच नावाच्या पिकअपच्या वेगवेगळ्या क्षमतांच्या आवृत्त्यांना वेगवेगळे टायर येतात. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीवरचा आकार उतरवून घेऊ नये. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला आणि दाराजवळच्या पट्टीवरचा आकारच खरा.

'पीआर' म्हणजे प्लाय रेटिंग. ८ पीआर म्हणजे आत आठ थर आहेत, असा अनेकांचा समज असतो. पूर्वी सुती दोऱ्यांचे थर असत तेव्हा ते खरे होते. आता हा आकडा फक्त ताकदीची पातळी दाखवतो, आजच्या टायरमधले प्रत्यक्ष थर त्याहून बरेच कमी असतात. पीआर जितका जास्त तितकी जास्त हवा टायर धरू शकतो आणि तितके जास्त वजन पेलतो. मात्र ८ पीआरऐवजी १० पीआर बसवायचा, तर रिम आणि व्हॉल्व्हही त्या दाबाचे हवेत. दाब न वाढवता फक्त जाड टायर बसवला, तर क्षमता वाढत नाही आणि गाडी मात्र आपटते.

त्यानंतर येतो सर्वांत महत्त्वाचा आकडा, लोड इंडेक्स. उदाहरणार्थ '११२/११० एन'. ११२ म्हणजे टायर एकटा असताना १,१२० किलो. ११० म्हणजे जोडटायर असताना प्रत्येकी १,०६० किलो. पिकअपला मागे बहुधा एकेकच टायर असतो, म्हणून पहिला आकडा पाहावा. शेवटचे अक्षर वेगाचे: एल म्हणजे ताशी १२० किलोमीटर, एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६०. मूळ टायरपेक्षा कमी लोड इंडेक्सचा किंवा कमी वेगाच्या अक्षराचा टायर कधीही घेऊ नये.

आयएसआय चिन्हही पाहून घ्यावे. मालवाहू गाड्यांच्या टायरसाठी 'आयएस १५६३६' हे भारतीय मानक आहे आणि प्रवासी मोटारींसाठी 'आयएस १५६३३'. चिन्हाशेजारी कोणता क्रमांक आहे यावरूनही समोरचा टायर कुणासाठी बनला आहे ते ओळखता येते.

वजनाचा हिशोब कागदावर

हा हिशोब पाच मिनिटांचा आहे. आरसीवर गाडीचे रिकामे वजन आणि एकूण मान्य वजन छापलेले असते. समजा, एकूण मान्य वजन ३,२०० किलो आहे. हौदा मागे असल्याने भरलेल्या गाडीचा सुमारे ६५ टक्के भार मागच्या एक्सलवर गेला, तर तो २,०८० किलो झाला, म्हणजे प्रत्येक मागच्या टायरवर १,०४० किलो. इथे १०८ इंडेक्सचा, म्हणजे १,००० किलोचा टायर कमी पडतो. ११० चा टायर १,०६० किलोपर्यंत जेमतेम पुरतो. ११२ चा घेतला तर प्रत्येक चाकामागे ८० किलोची उसंत मिळते. ती लागतेच. पेट्या एका बाजूला जास्त रचल्या, एक चाक खड्ड्यात गेले किंवा आंबा घाट चढताना भार मागे सरकला, की एका टायरवरचे वजन हिशोबापेक्षा बरेच वाढते.

कागदावरच्या अंदाजापेक्षा वजनकाटा अधिक खरा. माल भरल्यावर आधी पूर्ण गाडी आणि मग फक्त मागची चाके काट्यावर घेतली, की मागच्या एक्सलवर नेमके किती वजन येते ते समजते. बाजार समितीच्या परिसरात काटे असतातच.

काही जण पैसे वाचवण्यासाठी त्याच आकाराचा मोटारीचा टायर पिकअपला बसवतात. आकार जुळतो, पण ताकद जुळत नाही. साधा मोटारीचा टायर आपले कमाल वजन ३५-३६ पीएसआयच्या आसपास पेलतो, तर ८ पीआरचा एलटी टायर सुमारे ६५ पीएसआयवर. अमेरिकेत तर नियमच आहे, की मोटारीचा टायर पिकअपसारख्या गाडीला लावायचा असेल, तर त्याची छापील क्षमता १.१० ने भागून धरायची. मालवाहू गाडीत टायरला जास्त सोसावे लागते, हे तिथल्या नियमाने मान्य केले आहे.

जादा माल भरायची सवय असेल, तर कोणताही टायर उपाय ठरत नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर कलम १९४ खाली जादा वजनासाठी २०,००० रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २,००० रुपये आकारले जातात. एका दंडात दोन नवे टायर येतात. शिवाय ब्रेक, पाटे आणि हाउसिंग ठरावीक वजनासाठीच बनलेले असतात. मजबूत टायरमुळे गाडीची क्षमता वाढत नाही.

रस्ता पाहून नक्षी

वजन ठरले की रस्त्याकडे वळावे. नक्षीचे मुख्य प्रकार तीन. रिब नक्षीत टायरच्या परिघाभोवती सरळ खाचा असतात. ती डांबरी आणि काँक्रीटच्या रस्त्यावर कमी तापते, स्टिअरिंग हलके ठेवते आणि डिझेल कमी खाते. लग नक्षीत आडवे जाड ठोकळे असतात. ती चिखलात, मुरमात, खाणीच्या रस्त्यावर पकड देते, पण महामार्गावर आवाज करते आणि इंधन जास्त खाते. तिसरी मिश्र नक्षी, मध्ये रिब आणि कडांना लग.

नाशिक-वाशी किंवा नागपूर-शिर्डी अशा लांब डांबरी-काँक्रीटच्या फेऱ्या असतील, तर चारही टायर रिब नक्षीचे चांगले. शेतातून माल उचलून तालुक्याला नेणाऱ्या गाडीला पुढे रिब आणि मागे मिश्र नक्षी सोयीची पडते. क्रशर, वीटभट्टी, वाळूचा पट्टा अशा ठिकाणी रोज जाणाऱ्यानेच मागे लग घ्यावा. वर्षातून चार वेळा गाडी चिखलात रुतते म्हणून वर्षभर लग टायरवर डिझेल जाळणे परवडत नाही.

किनारपट्टीवर वेगळी अडचण असते. मासळीच्या गाडीतून खारे पाणी सतत रिमवर ठिबकते आणि रिम गंजते. गंजलेल्या कडेवर ट्यूबलेस टायर नीट बसत नाही आणि हवा हळूहळू उतरत राहते. अशा गाडीला नवे टायर घालताना रिम घासून, रंगवून घ्यावी किंवा बदलावी.

रेडियल की नायलॉन, हा प्रश्न अजूनही निघतो. नायलॉन टायरची भिंत जाड असते, खडकाळ रस्त्यावर ती तग धरते आणि टायर स्वस्तही असतो. रेडियलमध्ये नक्षीखाली स्टीलचे पट्टे असतात. त्यामुळे तो कमी तापतो, जास्त किलोमीटर देतो आणि डिझेल वाचवतो. महामार्गावरच्या गाडीला रेडियलच घ्यावा. एकाच एक्सलवर एक रेडियल आणि एक नायलॉन कधीही लावू नये. दोघांची वागणूक इतकी वेगळी असते, की जोराचा ब्रेक लागताच गाडी एका बाजूला ओढते.

समृद्धी महामार्गाने टायरचा विषय घराघरांत पोचवला. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ रोजी इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटरचा मार्ग पूर्ण झाला. लांबच लांब सरळ काँक्रीट, विदर्भातले ऊन आणि न थांबता तासन्‌तास एकाच वेगाने धावणे, यात टायरला थंड व्हायला सवडच मिळत नाही. टायर फुटून अपघात होऊ लागल्यावर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला आणि गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. अशा मार्गावर जाणाऱ्या पिकअपने मालवाहू गाड्यांसाठीची ताशी ८० किलोमीटरची मर्यादा पाळावी आणि दर दोन तासांनी थांबून टायरला हात लावून पाहावा. एखादा टायर बाकीच्यांपेक्षा जास्त गरम लागला, तर त्यात हवा कमी आहे किंवा त्या चाकाचा ब्रेक घासतो आहे.

टोयोटा हायलक्स किंवा इसुझू व्ही-क्रॉससारख्या गाड्या हौसेने घेणाऱ्यांचा कल जाड ठोकळ्यांच्या 'मड टेरेन' टायरकडे असतो. गाडी ९० टक्के वेळ पुणे-मुंबईच करणार असेल, तर 'हायवे टेरेन' टायर ओल्या रस्त्यावर अधिक सुरक्षित. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा नियमित होत असतील, तर 'ऑल टेरेन' पुरेसा होतो.

हवा कमी असेल तर चांगला टायरही हरतो

ऑगस्ट २००० मध्ये अमेरिकेत फायरस्टोन कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत बोलवावे लागले. त्यातले बहुतेक फोर्ड एक्स्प्लोररवर होते, काही फोर्डच्या रेंजर पिकअपवरही. वेगात असताना नक्षीचा थर खालच्या स्टीलच्या पट्ट्यांपासून सुटून येत होता आणि गाडी उलटत होती. टायरच्या बांधणीतले दोष तपासात पुढे आले. त्याचबरोबर हवेच्या दाबावरही मोठा वाद झाला. फोर्डने २६ पीएसआय सांगितले होते, फायरस्टोनने नंतर ३० ची शिफारस केली. घटना टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांत जास्त होत्या. कमी हवा, जास्त भार, वेग आणि ऊन एकत्र आले की टायर आतून भाजून निघतो, हे साऱ्या जगाने पाहिले. त्यानंतर अमेरिकेने कायदा करून नव्या गाड्यांत टायरचा दाब दाखवणारी यंत्रणा सक्तीची केली.

महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात हाच धडा रोज लागू पडतो. पुस्तिकेत रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगवेगळे आकडे दिलेले असतात. माल भरायच्या आधी, टायर थंड असताना, भरलेल्या गाडीचा आकडा धरून हवा भरावी. धावल्यावर टायर तापतो आणि दाब वाढतो. पिकअपच्या दाबाला साधारण चार-पाच अंश सेल्सिअसमागे एक पीएसआय. म्हणून वाटेत गरम टायरमधून हवा काढू नये. काढली, तर टायर थंड झाल्यावर ती कमी पडते. स्टेपनीची हवाही महिन्यातून एकदा पाहावी.

दुकानात गेल्यावर

पहिली गोष्ट, तारीख. बाजूवर एका चौकटीत चार आकडे असतात. '२३२५' म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा, अर्थात जूनचा पहिला पंधरवडा. नाशिकला सिएट, चाकणला ब्रिजस्टोन, वाळूजला गुडइयर आणि गोव्यात उसगावला एमआरएफ यांचे कारखाने आहेत, तरी दुकानात दोन वर्षे पडून राहिलेला टायर मिळू शकतो. सहा महिन्यांच्या आतला मागावा. वर्षापेक्षा जुना असेल तर दुसरा काढायला सांगावे.

दुसरी गोष्ट, किंमत किलोमीटरवर मोजावी. समजा, एक टायर ६,५०० रुपयांचा आहे आणि २६,००० किलोमीटर चालतो. दुसरा ८,००० चा आहे आणि ४०,००० चालतो. पहिल्याला किलोमीटरमागे २५ पैसे पडतात, दुसऱ्याला २०. चार टायरांचा फरक किलोमीटरमागे २० पैसे, म्हणजे ४०,००० किलोमीटरमध्ये ८,००० रुपये. महाग टायरने एका टायरची किंमत परत दिली. हा आकडा काढण्यासाठी टायर बसवताना मीटरचे वाचन डायरीत लिहून ठेवावे. कोणत्याही जाहिरातीपेक्षा आपल्याच मार्गावरची ही नोंद अधिक विश्वासाची.

रुंद टायरचा मोह टाळावा. २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर, २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४. चाक चार टक्क्यांहून जास्त मोठे झाले, की मीटर ८० दाखवत असताना गाडी ८३ ने पळते, चढावर ओढ कमी होते आणि पूर्ण वळवल्यावर टायर आत घासण्याची शक्यता वाढते.

रिमोल्ड टायर घ्यायचाच असेल, तर आपलाच चांगल्या सांगाड्याचा टायर विश्वासू ठिकाणी रिमोल्ड करून घ्यावा आणि फक्त मागे लावावा. पुढे कधीही नाही. सेकंडहँड टायर कोणत्या वजनाखाली आणि कोणत्या हवेवर चालला, हे कुणी सांगू शकत नाही, म्हणून तो नकोच.

दोनच टायर घ्यायचे असतील, तर जोडीने घ्यावेत, एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे. नवे टायर पुढे घालायची पद्धत आहे, पण पिकअपसारख्या हलक्या गाडीत ते मागे घालणे सुरक्षित. ओल्या वळणावर मागची चाके घसरली तर गाडी गोल फिरते आणि ती सावरणे अवघड जाते. मात्र पुढचे टायरही पुरेशा नक्षीचे हवेत. ट्यूबचा टायर असेल तर ट्यूब नवी घ्यावी, ट्यूबलेस असेल तर व्हॉल्व्ह नवा. बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावे. पन्नास ते शंभर किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळावेत आणि दर आठ ते दहा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल करावी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. त्यामुळे 'बिल नको, स्वस्तात देतो' या बोलण्याला भुलण्याचे कारण उरलेले नाही. पक्के बिल घ्यावे आणि त्यावर टायरचा अनुक्रमांक व तारखेचे चार आकडे लिहून घ्यावेत. टायरमध्ये बांधणीचा दोष निघाला, तर कंपनीकडे दावा करताना हाच कागद लागतो.